चपला राखणाऱ्या मुलाला खेळू द्यावं का?

पत्र:

नमस्कार डॉक्टर. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. तिसरी आणि चौथी मिळून सव्वीस मुलं माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. तिसरीत एक मुलगा आहे. (नाव छापू नका, त्याला समीर म्हणा.) त्याच्या हृदयाला जन्मतः भोक होतं. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली तेव्हा ते लक्षात आलं आणि तो सहा वर्षांचा असताना मुंबईत मोफत ऑपरेशन झालं. आता तो आठ वर्षांचा आहे आणि तब्येत चांगली आहे. पण त्याची आई म्हणते, ‘बाई, त्याला पळवू नका.’ मुख्याध्यापक म्हणतात, नसती जोखीम कशाला घ्यायची. त्यामुळे पी.टी.च्या तासाला तो लिंबाखाली बसून सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखतो. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत तो चोरून पकडापकडी खेळला. झालं काही नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. त्याला खेळू द्यावं का?

दुसरं असं, की पी.टी.चे तास आठवड्याला दोन-तीन, साहित्य म्हणजे एक चेंडू, दोन दोऱ्या. भेटीला येणारे साहेब वाचन आणि संख्याज्ञानच विचारतात. माझे सहकारी म्हणतात, वस्तीवरची पोरं दिवसभर पळतच असतात, त्यांना पी.टी. कशाला? एवढ्याशा तासाने हृदयाला खरंच काही फरक पडतो का?

आणि जाता जाता विचारते. चौथीतली एक मुलगी हल्ली दोन फेऱ्यांत धापा टाकते, चेहरा पांढुरका दिसतो. मागच्या पावसाळ्यात तिचे गुडघे-घोटे सुजले होते, तेव्हापासून लंगडी खेळत नाही. आळशीपणा असेल का?

— एक शिक्षिका

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते शेवटच्या चार ओळींसाठी. त्या मुलीकडे मी शेवटी येणार आहे, पण तुम्ही हे उत्तर अर्धवट वाचून बाजूला ठेवणार असाल तर आधी तो भाग वाचा.

आता समीर. मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे ‘पळवा’ असा हुकूम इथून देता येणार नाही. पण कुणाला काय विचारायचं ते सांगता येईल, आणि तुमच्या पोटातला गोळाही थोडा उतरवता येईल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याला हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असावं. जन्मतः असणाऱ्या हृदयदोषांत हा नेहमी आढळणारा दोष. डाव्या कप्प्यातलं शुद्ध रक्त अंगभर जाण्याऐवजी थोडं उजवीकडे गळतं आणि पुन्हा फुफ्फुसात जातं. म्हणजे तेच रक्त हृदय दोनदा ढकलतं. भोक मोठं असेल तर बाळाचं वजन वाढत नाही, दूध पिताना घाम फुटतो, छाती सारखी भरते. ऑपरेशनमध्ये त्या भोकावर ठिगळ लावतात. पुढे काही महिन्यांत त्या ठिगळावर हृदयाचं स्वतःचं अस्तर चढतं. छातीचं मधलं हाड कापावं लागतं, ते जुळायला साधारण दीड-दोन महिने लागतात. त्या काळात धक्काबुक्की, लोंबकळणं, जड उचलणं बंद असतं. समीरच्या ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली. त्याला लिंबाखाली बसवणारी सूचना त्या दीड-दोन महिन्यांसाठीची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. डॉक्टर घरी सोडताना ‘पळवू नका’ म्हणाले असतील, आणि आता पळू द्या हे सांगायला पुन्हा कुणी भेटलंच नसेल. असं फार होतं. मुलाच्या छातीवरची खूण आठवड्यांत सुकते, पण घरात ती सूचना वर्षानुवर्षं पाळली जाते.

भोक पूर्ण बंद झालं असेल, कुठे गळती उरली नसेल, फुफ्फुसाच्या धमन्यांतला दाब ताळ्यावर असेल आणि ठोके नियमित पडत असतील, तर अशा मुलांवर खेळाची बंधनं सहसा घालत नाहीत. पळणं, पोहणं, सायकल, खो-खो, सगळं चालतं. यातलं काही बिघडलेलं असेल तर काय चालेल आणि काय नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. तेव्हासुद्धा उत्तर बहुतेक वेळा ‘काहीच नको’ असं नसतं.

म्हणून करायचं असं. समीरच्या आईकडे डिस्चार्जचं कार्ड आणि शेवटचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) असेल. त्याची तारीख बघा. वर्ष उलटून गेलं असेल तर फेरतपासणी हवीच, खेळाचा प्रश्न नसता तरी हवी होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ज्या गाडीमुळे हे भोक सापडलं ती याच योजनेची. या योजनेचा देशातला आरंभ २०१३ साली आपल्या पालघरमधूनच झाला. पथक येण्याची वाट बघू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांची माणसं भेटतात. त्यांच्याकडून जिल्ह्याला आणि तिथून हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मिळते.

तपासणीच्या वेळी आईबरोबर एक कोरा कागद द्या. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण शाळेतून आलेल्या पालकांनी आम्हाला मागितलेला कागद नेहमी एकाच प्रकारचा असतो: ‘पी.टी.तून सूट मिळावी.’ आम्हीही गर्दीत सही करून मोकळे होतो. तुम्ही उलटा प्रश्न विचारा. याने काय काय करायला हरकत नाही? पकडापकडी, दोरीउड्या, लंगडी, खो-खो, पळण्याची शर्यत, लेझीम, उलट्या कोलांट्या, अशी नावं घालून यादी करा आणि प्रत्येकासमोर ‘चालेल’ किंवा ‘नको’ असं लिहून घ्या. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख आणि पुढची तपासणी कधी ते. मुख्याध्यापकांना जोखमीची भीती वाटते ती कागद नसल्यामुळे. त्यांना दोष देऊ नका, उद्या काही झालं तर प्रश्न त्यांनाच विचारला जाणार आहे. असा कागद फाइलला लागला आणि त्यावर आईचीही सही असली, की त्यांचा सूर बदलतो हे मी पाहिलं आहे.

आईचं समजावणं यापेक्षा अवघड. तिने मुंबईत अनोळखी दवाखान्याच्या जिन्यात रात्री काढल्या आहेत. तिला ‘काही होत नाही हो’ असं म्हणू नका, ते तिला पटणार नाही आणि पटायचं कारणही नाही. डॉक्टरांचा कागद आला की एका सकाळी तिला शाळेत बोलवा आणि पी.टी.च्या तासाला मैदानाच्या कडेला बसवा. पहिले काही दिवस समीरला पाच-सात मिनिटंच खेळवा, मग हळूहळू वाढवा. दोन वर्षं बसून राहिलेलं कुठलंही मूल आधी लवकर दमणारच, तो हृदयाचा दोष नव्हे. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच धापेला ती त्याला उचलून घरी नेईल.

मधल्या सुट्टीतल्या त्या चोरट्या खेळाबद्दल. आठ-नऊ वर्षांचं मूल आपल्या मनाने खेळतं तेव्हा ते मोठ्यांसारखं सलग पळत नाही. काही सेकंद जीव खाऊन पळतं, थांबतं, वाकून गुडघ्यावर हात ठेवतं, पुन्हा पळतं. दमलं की स्वतःहून बसतं. त्याला थांबू न देणारा मोठा माणूस शेजारी उभा असतो तेव्हा खरी काळजी करावी. म्हणून समीरसाठी, आणि खरं तर सव्वीसही जणांसाठी, मैदानावर एकच नियम करा: दमलं की विचारल्याशिवाय थांबायचं, कुणी चिडवायचं नाही. ‘अजून एक फेरी, नाहीतर उठाबशा’ हे बंद. व्यायाम शिक्षा म्हणून देणं मला मुळातच पटत नाही. गृहपाठ केला नाही म्हणून पी.टी. बंद करणं त्याहून पटत नाही, कारण गृहपाठ न करणाऱ्याला त्या तासाची गरज सगळ्यांत जास्त असते.

तुम्ही त्याच्या मनाबद्दल काही लिहिलं नाही, पण चपला राखायचं काम त्याला रोज काय सांगत असेल याचा विचार करा. आपल्यात काहीतरी मोडकं आहे हे ऑपरेशन झालेल्या मुलांच्या मनात लवकर बसतं. मग ती मोठेपणीही हलत नाहीत, वजन वाढतं, आणि ज्या हृदयासाठी एवढी यातायात केली त्याच्यावर दुसऱ्या बाजूने भार येतो. कागद यायला पंधरा दिवस लागणार असतील तरी आजपासून त्याला लिंबाखालून उठवा. शिट्टी त्याच्याकडे द्या, गुण मोजू द्या, मुलांबरोबर चालत मैदानाची फेरी मारू द्या. चालायला त्याला आजही कुणी मना केलेलं नसणार, घरून शाळेत तो चालतच येतो ना?

एक आडवळणाची गोष्ट: त्याचे दात बघा. किडलेल्या दातांतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊन तिथे घर करू शकतात. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाने सकाळ-संध्याकाळ दात घासणं हे फक्त स्वच्छतेच्या पाठातलं वाक्य नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांचा मुद्दा, की वस्तीवरची पोरं पळतच असतात. अर्धा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी जे सांगितलं ते असं: दिवसाला सरासरी साठ मिनिटं, श्वास वाढेल आणि घाम येईल अशी हालचाल, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस त्यातली काही जोरकस. ही साठ मिनिटं सगळी शाळेने भरायची नाहीत. चालत येणं, पाणी आणणं, शेरडांमागे धावणं, संध्याकाळचा खेळ, सगळं यात धरतात. जे मूल दीड किलोमीटर चालत येतं आणि चालत जातं त्याचा निम्मा हिशेब तिथेच झाला, जरा झपझप चालत असेल तर. पण तुमच्या वर्गात आता किती मुलं चालत येतात? किती जण बापाच्या मोटरसायकलवर, किती जण जीपमध्ये? घरी गेल्यावर किती जणांच्या हातात मोबाइल असतो? हात वर करायला सांगा, दोन मिनिटांत कळेल. माझा अंदाज असा, की तुमच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या स्वतःच्या लहानपणीची पोरं आहेत.

‘आमची पोरं कुठे जाड आहेत?’ असंही ते म्हणतील. याचं उत्तर पुण्यातच सापडलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. आपली बाळं जन्मतः वजनाला इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, हातापायांच्या काड्या, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी, असं त्यांना दिसलं. पुढे मधुमेह आणि हृदयविकार आपल्याकडे कमी वयात आणि कमी वजनात का गाठतो याचा एक धागा इथे आहे. तेव्हा बारीक मूल दिसलं की ते तंदुरुस्त, हा समज सोडून द्यायला हवा. स्नायू खेळून वाढतात.

आणि हृदयविकार ही पन्नाशीतली गोष्ट, लहान मुलांचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर १९५३ सालचे दोन अभ्यास सांगते. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या तीनशे अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली. सरासरी वय बावीस. त्यांतल्या सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या काही ना काही खुणा सापडल्या. बाविसाव्या वर्षी खुणा दिसतात म्हणजे सुरुवात त्याआधी झालेली असणार. पुढे अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यात, बोगालुसा गावातल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला, तेव्हा ते पक्कं झालं. धमन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचे पट्टे लहानपणीच उमटायला लागतात, आणि लहानपणचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बऱ्याच प्रमाणात मोठेपणी बरोबर येतं. दुसरा अभ्यास लंडनचा. तिथल्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची डॉ. जेरी मॉरिस यांनी तुलना केली. एकाच कंपनीतली, एकाच थरातली माणसं. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता, दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. आज ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्यासारखी वाटते, तेव्हा नव्हती.

एवढ्याशा तासाने फरक पडतो का, याचं उत्तर त्या तासात मुलं काय करतात यावर आहे. एक प्रयोग करून बघा. पुढच्या पी.टी.ला एकच मूल मनात धरा, त्याला सांगू नका, आणि ते किती मिनिटं खरोखर हलतंय ते घड्याळावर मोजा. ओळी लावणं, सावधान-विश्राम, हजेरी, गट पाडणं, नियम सांगणं, मग एका चेंडूमागे आपली पाळी येण्याची वाट बघत उभं राहणं. पस्तीस मिनिटांच्या तासात पळण्याची पाच मिनिटं निघाली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. समीर लिंबाखाली बसलेला दिसतो, बाकीचे ओळीत उभे असतात एवढाच फरक.

खेळ निवडताना हाच हिशेब लावा. खो-खो माझ्या जिवाभावाचा. त्याचे पहिले नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर तयार झाले, याचा मला अभिमानही आहे. पण पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण एका वेळी बसलेले असतात, पळतात ते एक चढाईवाला आणि समोरचे तीन. चपळाई शिकायला उत्तम. हृदयाच्या व्यायामाला सव्वीस मुलांचा एकच डाव पुरा पडत नाही. मैदानावर चुन्याने दोन छोटे डाव आखा, प्रत्येकात चारच बसणारे ठेवा, सगळ्यांची पळण्याची पाळी पटापट येते. जो ‘आउट’ होईल तो कडेला बसेल, असे खेळ लहानांसाठी मला आवडत नाहीत. सगळ्यांत आधी बाद होतं ते सगळ्यांत मंद मूल, आणि सगळ्यांत जास्त वेळ बसतंही तेच. त्याऐवजी साखळी घ्या. सापडला की हात धरून साखळीत यायचं, म्हणजे बाद झालेलाही पळतच राहतो. विष-अमृतमध्ये विष मिळालेला पुतळा होतो, पण कुणी अमृत दिलं की पुन्हा सुटतो. ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’ पहिली-दुसरीची मुलंही खेळतात, आणि त्यातही कुणाला बाद न करता फक्त पळवत राहता येतं. आट्यापाट्यांना चुन्याच्या चार रेघांखेरीज काही लागत नाही. लंगडी तर एका पायावरचा व्यायाम, दोन मिनिटांत धाप लागते, पण दर मिनिटाला पाय बदलायला सांगा. दोऱ्या दोनच आहेत म्हणता, त्याला सुतळी आणून जोडी वाढवता येईल. शनिवारच्या सकाळच्या शाळेत लेझीम असेल तर ती चालू ठेवा. चांगली जोशात घेतली तर ती कुठल्याही महागड्या व्यायामाला मागे टाकते. सूर्यनमस्कार औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत रुजवले, तेव्हापासून महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले आहेत. ते अंग मोकळं करायला सुरुवातीला चार घ्या. सावकाश घातलेल्या चार नमस्कारांनी श्वास फारसा वाढत नाही, त्यामुळे तेवढ्यावर तास संपवू नका.

किती दमवायचं याचं मोजमाप सोपं. पळता पळता मूल बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, एवढी धाप पुरे. नाडी मोजायचीच असेल तर तो गणिताचा तास करून टाका. छातीच्या डाव्या बाजूला तळवा ठेवायचा, पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचं. बसल्या जागी तिसरीतल्या मुलाचे साधारण सत्तर ते एकशेदहा येतील. पकडापकडीनंतर लगेच मोजलेत तर एकशेऐंशी, कधी दोनशेच्या आसपासही. घाबरू नका, हे मोठ्या माणसाचं हृदय नाही. लहान मुलाचं हृदय त्याच्या मुठीएवढं, एका ठोक्यात रक्त थोडं ढकलतं, म्हणून ठोके जास्त लागतात. नियमित खेळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, मग विसाव्याचे ठोके हळूहळू उतरतात. पळाल्यावर लगेच, एक मिनिटाने आणि दोन मिनिटांनी असे आकडे फळ्यावर लिहा. महिन्याभराने पुन्हा मोजा. गुणाकार, तक्ता वाचणं, कमी-जास्त ओळखणं, सगळं त्यात येतं. संख्याज्ञान विचारणाऱ्या साहेबांना हाच फळा दाखवा.

तास परिपाठानंतर लगेच ठेवता आला तर बघा. शेवटच्या तासाला ऊन आणि कंटाळा दोन्ही असतात, आणि पाठ राहिला की पहिला बळी पी.टी.चाच जातो. खिचडीनंतर लगेच जोराचं पळणं नको. आणि काही मुलं सकाळी नुसत्या चहावर येतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना आधी काहीतरी पोटात हवं. फेब्रुवारी उजाडला की सोलापूरच्या उन्हाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. सावली आणि पाणी.

तुम्हाला वेगळा पी.टी.चा शिक्षक का नाही, असं मनात आलं असेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मैदान आणि खेळाचं साहित्य प्रत्येक शाळेला द्यायला सांगितलं, पण आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक सांगितला तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला जो वर्गशिक्षक तोच सर्व काही. म्हणजे हृदयाला वळण लागण्याच्या वयात हे काम तुमच्यावर आहे आणि त्याचं प्रशिक्षण तुम्हाला जेमतेम मिळालेलं आहे. हे योग्य आहे असं मला वाटत नाही. साहित्याचं म्हणाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चार दोऱ्या आणि चार चेंडू हा विषय लेखी मांडा, एवढ्याला पैसे निघतात.

मैदानावर घाबरायचं कशाला, तेही सांगते. परिपाठात बराच वेळ उन्हात उभं राहून मूल घेरी येऊन पडलं, तर ते बहुधा साधं असतं. आडवं करून पाय वर केले की उठतं. पण पळता पळता मूल कोसळलं, पळताना छातीत दुखतं म्हणालं, ओठ निळे पडले, बसलेलं असतानाच छातीत धडधड सुरू झाली, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, तर ते मूल तपासल्याशिवाय पुन्हा पळवायचं नाही. मग ते ऑपरेशन झालेलं असो वा नसो. पडलेलं मूल हाक मारून हलत नसेल, श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला लागायचं. तळहाताने, छातीच्या मधोमध, साधारण पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत किंवा मूल हलेपर्यंत. वाचून हे हातात बसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगा, अर्ध्या दिवसात दोघा शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना शिकवून जातील.

आता चौथीतली मुलगी. ती आळशी नाही. धाप आणि पांढुरका चेहरा एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, रक्त कमी असेल. या वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि तो आपल्याकडे घरोघरी आहे. आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी आणि जंतांची गोळी तिने खरंच गिळली का ते बघा. पण तुम्ही सांध्यांच्या सुजेचं लिहिलं आहे. घसा दुखतो, तो आपोआप बरा होतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि मोठे सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा. पाच ते पंधरा या वयात हे दिसलं की संधिवाताचा ताप मनात आणावाच लागतो. सांधे पूर्ण बरे होतात, घरचे विसरून जातात, पण त्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्या असू शकतात, आणि त्याची पहिली खूण म्हणजे खेळताना लागणारी धाप. पुन्हा घशाचा तसाच संसर्ग झाला तर झडपा आणखी बिघडतात. तो टाळायला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, पण वेळेवर सुरू झालं तर झडपा वाचतात.

कदाचित यातलं काहीच नसेल, नुसतं रक्त कमी असेल. ते तपासल्याशिवाय कळणार नाही. तिच्या आईबापांना याच आठवड्यात बोलवा आणि सुजेची गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगायला सांगा. तीच गोष्ट ते सांगायचे राहतील, म्हणून एका चिठ्ठीवर तुम्हीच लिहून द्या: कधी सूज आली, कुठले सांधे, आधी घसा दुखला होता का, आता किती चालल्यावर धाप लागते, रात्री उशी उंच घ्यावी लागते का. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि छाती तपासणं होईल, इकोसाठी जिल्ह्याला जावं लागेल. तोवर तिला पळवू नका, लंगडी नको, रांगेतून काढून वेगळीही बसवू नका. समीरबरोबर गुण मोजायला ठेवा. आणि तालुक्याला एकाच मुलाला नेण्याची सोय होत असेल, तर आधी हिला न्या. समीरचा कागद पंधरा दिवस उशिरा आला तरी चालेल.